केवानं कबुली दिली नाही

आमच्या वातुलेरा गावात समुद्रावर माणसाला काही झालं, की लोक आधी त्याच्या बायकोकडे बघतात. मासा मिळाला नाही, तर बायकोनं सकाळी कुरकुर केली असणार. होडी उलटली, तर बायको दुसऱ्याच्या अंगणात हसत बसली असणार. नवरा पाण्यावर असताना केस विंचरायचे नाहीत, सुई धरायची नाही, शेजारणीशी भांडायचं नाही. मी लहानपणापासून हे सगळं पाळत आले. माझा नवरा जाळं टाकून परत येईस्तोवर मी फाटकं नेसून बसायचे, पण सुईत दोरा ओवायचे नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचं माणूस पाण्यावर आहे त्यानं घरी जपून वागावं, यात वाईट काय आहे? पण त्याच रीतीची दोरी करून कुणी ती एका बाईच्या गळ्यात अडकवली आणि स्वतः हात झटकून मोकळा झाला, त्याचा मला राग आहे. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

ती बाई माझी भावजय. तिचं नाव केवा.

केवा डोंगरातली. बेट आमचं एवढंसं. शाळेच्या भिंतीवर इंडोनेशियाचा नकाशा आहे, त्यात ते छापलेलंच नाही. मास्तरांनी पेनानं ठिपका काढून ठेवलाय. पण एवढ्याशा बेटावरही डोंगरातले वेगळे आणि किनाऱ्यावरचे वेगळे. माझ्या धाकट्या भावानं, सुबाननं, तिला आठवड्याच्या बाजारात पाहिलं. डोंगरातले मका आणि केळी घेऊन खाली येतात, आम्ही मासे नेतो, आणि अदलाबदल होते. तिनं सुबानच्या माशाच्या कल्ल्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "हा काल मेलाय."

सुबान म्हणाला, "परवा."

ती हसली. तिथून जमलं.

आमच्यात आली तेव्हा तिला होडीत बसलं की ओकारी यायची. झऱ्यावरच्या बायकांनी तिचं नाव 'कणीस' ठेवलं. "काय कणीस, आज तरी पोहायला येणार का?" असं विचारायच्या. ती म्हणायची, "तुम्ही सगळ्या बुडालात तर मागं एक कोणीतरी रडायला नको का?" जीभ तिखट, हात कामाला वाघ. मागावर बसली की दिवस मावळला तरी उठायची नाही. मला ती आवडायची. आमच्या घरात सगळे मुखदुर्बळ. सुबान तर तोंडात दात आहेत की नाहीत हे कळू नये इतका गप्प. तिच्यामुळे घरात आवाज आला.

मग लागाची बोट आली.

लागा आमच्याच गावचा, लांबच्या नात्यानं आमचा भाऊ लागतो. तरुणपणी मोठ्या बेटावर गेला आणि तिथल्या कुणा मालकाची बोट घेऊन परतला. बोटीवर कॉम्प्रेसर. टायरमध्ये हवा भरायचं यंत्र असतं ना, तेच. त्याला लांब लांब नळ्या जोडायच्या, माणसानं नळीचं टोक दातात धरायचं, कमरेला शिशाचे तुकडे बांधायचे आणि तळाशी उतरायचं. तळाशी समुद्रकाकडी मिळते. काळी, बुळबुळीत, लोळत पडलेली असते. आम्ही ती तोंडातही घालत नाही, पण ती वाळवून परदेशी जाते आणि तिकडे म्हणे मोठ्या लोकांच्या पंगतीत वाढतात.

पूर्वी आमची माणसं छातीत भरेल तेवढ्या श्वासावर बुडी मारायची. जेवढा श्वास तेवढी खोली. नळी आल्यावर खोलीला धरबंध राहिला नाही. जवळचा माल संपला तसे लागानं त्यांना आणखी बाहेर नेलं, आणखी खाली सोडलं. एकावर एक तीन माड उभे करावेत इतकं खाली.

लागा बोलायला गोड. चर्चला कर्णा आणून दिला, पोरांना फुटबॉलचे शर्ट वाटले. कुणी आजारी पडलं की भेटायला पहिला हा. गावात दुसरं काम नाही. सरकारनं आरोग्य केंद्र बांधलं, त्याला कुलूप. नर्सबाई मोठ्या बेटावर राहतात आणि वर्षातून कधीतरी रंग उडालाय का ते बघून जातात. अशा गावात जो काम देतो त्याच्याकडे कोण वाकडं बघणार?

सुबान दोन हंगाम गेला आणि परत आला. तिसऱ्या हंगामाच्या आधी त्यांच्या घराचं छप्पर गळत होतं. निघायच्या दिवशी केवा अंगणात उभी राहून म्हणाली, "आधी छप्पर शाकार, मग कुठं जायचं तिथं जा."

"आल्यावर पत्रा घालतो," सुबान म्हणाला.

"पत्र्याखाली झोपायला तू परत यायला हवास ना."

एवढंच. मी तिथंच होते, शेंगा सोलत. शेजारच्या दोघी-तिघींनीही ऐकलं. सुबान हसला, तिनं त्याच्या पिशवीत भाजून ठेचलेला मका भरला, आणि तो खाली धक्क्यावर गेला. कुठल्या घरात नवरा-बायको याहून कमी बोलतात?

बोट ठरल्या वेळेच्या आधीच परत आली. सुबानला चौघांनी उचलून आणलं. कमरेखाली काही नव्हतं. म्हणजे पाय होते, दिसत होते, पण ते त्याचे नव्हते. केवानं तळव्याला चिमटा काढला, मग नखं रोवली, मग चुलीतलं जळकं लाकूड जवळ नेलं. त्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि मान फिरवली.

म्हाताऱ्यांनी गरम वाळूत पुरायला सांगितलं, तेही केलं. तोपर्यंत अंगणात गाव जमलं होतं. लागा पायरीवर बसला होता, डोळे लाल, चेहरा पडलेला. कुणीतरी विचारलं, "बोटीवर काय झालं?"

तो म्हणाला, "बोटीवर काहीच झालं नाही. बाकी सगळे धडधाकट आलेत ना? नळी तीच, पाणी तेच. त्यानं काय केलं ते मी पाहिलं. घरी काय झालं ते मला कसं कळणार?"

बघा, त्यानं केवाचं नावसुद्धा घेतलं नाही. त्याला घ्यावं लागलं नाही. सगळ्या माना आपोआप तिच्याकडे वळल्या, आणि शेजारच्या एकीला लगेच ते छपराचं बोलणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी आमा गेरोदांनी गावाच्या मोठ्या घरापुढच्या दगडी ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. आमा गेरोदा म्हणजे गावाचे भूमिधनी. जमिनीचे तंटे, लग्नाची बोलणी, सगळं त्यांच्यापुढे. माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या भावकीनं आमचा मळा बळकावला होता तो त्यांनीच सोडवून दिला. म्हणूनच जास्त लागतं. वाईट माणसानं चूक केली तर आपण थुंकून पुढं जातो.

एक कोंबडा पायाला दोरी बांधून ठेवला होता, शहाळं आणलं होतं. रीत अशी की बायकोनं सगळ्यांसमोर आपलं चुकलेलं सांगायचं, मग आमांनी तिच्यावर शहाळ्याचं पाणी शिंपडायचं, कोंबडा कापायचा, आणि नवरा बरा होतो.

"केवा," आमा म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. मनात आहे ते सांगून टाक."

"छपरावरून बोलले," केवा म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मिठावरून बोलले. आमा, मी रोजच बोलते."

मागून कुणीतरी हसलं. लागा म्हणाला, "वहिनी, हसण्यावारी नेऊ नका. एवढा मोठा गडी आडवा झालाय, तो काय छपराच्या बोलण्यानं? याहून मोठं काहीतरी असणार. आम्ही बाहेर असताना घरी कोण आलं-गेलं, ते आठवून बघा."

बांधलेला कोंबडा पंख फडफडवत होता. केवाचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "माझ्याकडे कोण येतं ते या माझ्या नणंदेला विचारा, तिचं दार माझ्या दारासमोर आहे. आणि हे सगळं मागाहून करा. आधी तुमची बोट काढा आणि त्याला दवाखान्यात न्या."

"आधी दोष धुऊन काढा, मग बोट," लागा म्हणाला. "असा माणूस घेऊन मी पाण्यावर गेलो तर बाकीच्यांचं काय होईल? गडी चढणार नाहीत बोटीवर."

मी उठून बोलले. म्हणाले, तिच्या घरी कोणी आलं नाही, मी शपथेवर सांगते. पण नवऱ्याच्या बहिणीनं भावजयीची बाजू घेतली तर लोकांना वाटतं, ही पण त्यातलीच. मला खाली बसवलं.

ही सापळ्याची गंमत नीट बघा. बाईनं कबूल केलं तर दोष तिचा. नाही केलं, तर नवरा बरा होत नाही, आणि तो का होत नाही? ती कबूल करत नाही म्हणून. लागाची बोट धक्क्याला बांधलेली होती, टाकीत तेल होतं, आणि माझा भाऊ घरात लघवीसाठी तळमळत होता.

केवा तिथून उठली ती थेट डोंगरात गेली. तिचे भाऊ, ज्यांना समुद्राचं नाव काढलं तरी घाम फुटतो, ते खाली आले. सुबानला झोळीत घालून त्यांनी बेटाच्या पलीकडच्या बाजूला वाहून नेलं, तिथून आठवड्याची बोट सुटते. वारा उलटा होता. बोट आलीच नाही. त्यांनी किनाऱ्यावर पानांचा आडोसा केला आणि वाट बघत बसले. मी भात घेऊन जायचे तेव्हा केवा सुबानच्या अंगावरच्या माशा वारत बसलेली असायची.

शेवटी बोट आली, मीही सोबत गेले. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पोचलो तेव्हा तिथली तरुण डॉक्टरीणबाई सुबानकडे बघून म्हणाली, "कॉम्प्रेसर?"

केवानं तोंड उघडायच्या आधी. नाव, गाव, काही न विचारता.

बाईंनी आम्हाला सांगितलं. खोल पाण्यात नळीची हवा घेत माणूस फार वेळ राहिला आणि झटक्यानं वर आला, की रक्तात बुडबुडे होतात. बाटलीचं झाकण काढल्यावर येतात तसे. ते पाठीच्या कण्यात अडकले की पाय जातात. "लगेच आणलं असतं, तर लांबच्या शहरात दाबाची टाकी आहे, तिथं पाठवता आलं असतं," ती म्हणाली. "कदाचित उपयोग झाला असता. आता खूप उशीर झाला. इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

काय सांगणार होतो? की आम्ही कोंबडा बांधून बसलो होतो?

त्याच खोलीत आणखी काही माणसं होती, वेगवेगळ्या बेटांवरची, तशाच पायांची. केवा एकेकाच्या खाटेपाशी गेली. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुझ्या घरी कुणामुळे झालं म्हणाले?" एक म्हणाला, बायकोला माहेरी धाडली. दुसरा नुसता रडला. खिडकीजवळ एक अगदी कोवळा मुलगा होता. तो म्हणाला, "मावशी, माझं लग्नच झालेलं नाही."

परतताना बोटीत तिला ओकारीवर ओकारी होत होती, आणि मध्येच तोंड पुसून ती म्हणाली, "ताई, त्या पोराच्या बायकोनं कुणाच्या अंगणात पाय ठेवला असेल?"

गावात येऊन तिनं झऱ्यावर हे सगळं सांगितलं. बायका हंडे भरायचं सोडून ऐकत होत्या. एक म्हातारी शेवटी म्हणाली, "मग त्याच्या आईनं काहीतरी केलं असेल."

त्यानंतर ज्याला वाळीत टाकणं म्हणतात ते झालं, पण तसं कुणी म्हटलं नाही. ती झऱ्यावर गेली की बाकीच्यांचे हंडे अचानक भरलेले असायचे. मोठा मासा कापला की घरोघर वाटा जातो. तिच्या घराशी येऊन वाटा वळायचा. तिनं विणलेलं कापड लग्नाच्या देण्याघेण्यात कुणी ठेवेना. चर्चमध्ये ती बसली की बाक रिकामा व्हायचा. मी मात्र मुद्दाम तिला खेटून बसायचे.

आणि लागा? लागा सुबानच्या घरी दर महिन्याला तांदळाचं पोतं पाठवायचा. गाव म्हणायचं, केवढं मोठं मन. केवा ते पोतं दारातून आत घ्यायची, कारण पोट काही रागानं भरत नाही. पण ते पोतं आलं की सुबान भिंतीकडे तोंड करायचा. ते बघून तिच्या मनात काय आलं ते मला एका संध्याकाळी कळलं. मी त्याच्या पाठीच्या जखमा धूत होते. केवा त्याच्या समोर बसली.

"सुबान, मला एक सांग. त्या दिवशी तू किती वेळा खाली गेलास?"

तो गप्प.

"वर येताना हळू आलास की ओढलं तुला?"

गप्प.

"तुला वाटतं का, माझ्यामुळे झालं?"

त्यानं डोळे मिटले. केवा उठली आणि डुकराला खायला घालायला गेली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, माझा सख्खा भाऊ असून. गावानं दगड मारले ते तिनं झेलले. पण ज्याला ती आईसारखी कुशीवर वळवत होती, त्यानं एक शब्द काढू नये?

पुढच्या हंगामात देमोन मेला. वरच्या आळीतला देमोन, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बोटीनं शिडाच्या कापडात गुंडाळून आणला. त्याची बायको तुतो पोटुशी होती, एवढीशी मुलगी, आवाज फुटायच्या आधी पाणी फुटायचं डोळ्यांतून. देमोनला मातीत घातला त्याच दिवशी लागा पडक्या चेहऱ्यानं पायरीवर बसलेला दिसला, आणि मी ओळखलं.

पुन्हा तोच ओटा, तसाच कोंबडा. यावेळी म्हणायचं असं की माणूस तर गेला, पण पोटातल्या बाळावर सावली नको, म्हणून तुतोनं सांगून मोकळं व्हावं. बघा, दरवेळी काहीतरी भल्याचंच कारण असतं.

तुतो मध्ये बसली होती. आमांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "सांगते. काय सांगू ते मला सांगा. मी सांगते."

त्यावर एकाही माणसाला लाज वाटली नाही. आमा नुसते म्हणाले, "शांत हो, पोरी."

तेवढ्यात मागची माणसं बाजूला झाली. केवा येत होती. डोंगरातल्या बायका मोळी वाहतात तसा तिनं सुबानला कापडात बांधून पाठीवर घेतला होता, पट्टा कपाळाला, मान पुढे, पायांच्या शिरा तटतटलेल्या. तो केव्हाच वाळून हलका झाला होता, तरी पुरुषाचं धड ते. त्याचे पाय मागं धुळीत फरफटत होते. तिनं त्याला तुतोच्या शेजारी उतरवलं, पाठीला आधार म्हणून स्वतःचा गुडघा लावला.

"वहिनी, गावात मयत झालंय," लागा म्हणाला. "तमाशा नको."

केवानं त्याच्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याला म्हणाली, "मी तुला आता विचारणार नाही. मी खूप विचारलं. या पोरीकडे बघ आणि तुला जे वाटतं ते कर. गप्प बसायचं असेल तर तसं बस, मी परत उचलून नेते."

सुबाननं तुतोकडे बघितलं. मग तो बोलायला लागला, आणि आवाज इतका गंजलेला की पुढची माणसं वाकली.

"सकाळपासून खालीच होतो. मध्ये वर आलो, भात खाल्ला, परत गेलो. मग खांदा दुखायला लागला. आतून, हाडात. मी म्हणालो, लागा, आता नको. लागा म्हणाला, दुखतोय ना, मग खालीच जा, खाली गेल्यावर थांबतं. आणि खरंच थांबतं. खाली गेलं की काही दुखत नाही. मग वर आलो, आणि पाय गेले."

"भ्रमात बोलतोय," लागा म्हणाला.

"लागाला माहीत होतं थांबतं ते," सुबान म्हणाला. "त्याला कसं माहीत? माझ्या आधी कुणाचे तरी खांदे दुखले असतील ना?"

मग त्यानं मान वळवून बोटीवरून आलेल्या माणसांकडे बघितलं. "देमोनला काय सांगितलं?"

सगळे खाली बघत होते. शेवटी एक जण, देमोनच्याच वयाचा, हळूच म्हणाला, "तेच सांगितलं. खाली जा म्हणाला."

देमोनची आई उठली आणि तिनं तुतोला ओढून पोटाशी धरलं.

"आजवर का नाही बोललास?" आमांनी सुबानला विचारलं.

"बायकोमुळे झालं म्हटलं की मी चांगला पाणबुड्या राहत होतो," सुबान म्हणाला. "आणि तांदूळ येत होता."

केवाचा गुडघा त्याच्या पाठीला होता, तो तिनं काढला नाही. पण मी तिचा चेहरा पाहिला. क्षमा म्हणतात तसलं काही नव्हतं त्याच्यावर.

लागा मग चिडला. म्हणाला, "मी काम देतो. दुसरं कोण देतं तुम्हाला? सरकार देतं? बोट नेली तर खाल काय?" आणि खरं सांगते, काही माना डोलल्या. पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचं उत्तर बायकांच्या गळ्यात बांधायचं कारण काय होतं?

आमा गेरोदांनी कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली, तो सोडून दिला आणि काठी टेकत घरी गेले. तुतोवर पाणी पडलं नाही. पण केवाला मात्र त्यांनी आजतागायत एका शब्दानं म्हटलेलं नाही की पोरी, आमचं चुकलं. रस्त्यात भेटले की ते झाडांकडे बघतात.

केवा मोठ्या बेटावर पोलिसांकडेही जाऊन आली. तिथला साहेब म्हणाला, "कुणी बळजबरीनं पाण्यात ढकललं का? नाही ना? मग?"

त्या हंगामात एक गोष्ट झाली. निघायच्या दिवशी बायकोच्या हातचा ठेचलेला मका घेतल्याशिवाय आमच्यात कुणी बोटीवर पाय ठेवत नाही. तुतोची सासू घरोघर फिरली, आणि बायकांनी मका भाजलाच नाही. "चूल पेटत नाही," एवढंच म्हणायच्या. काहीजण दुकानातल्या शेवयांची पाकिटं घेऊन गेले, रागानं. पण बरेच थांबले. पुढच्या वर्षी बोट आमच्या धक्क्याला लागलीच नाही. पलीकडच्या बेटावर लागली. तिथं अजून लागते.

लागा आता आमचा गावप्रमुख आहे. मतं पडली त्याला. त्याच्या दारावर झेंडा आहे, आणि आरोग्य केंद्राच्या कुलपाची किल्ली त्याच्या घरात खिळ्याला लटकते.

गेल्या वर्षी पलीकडच्या बेटावरून बातमी आली की तिथं एकाचे पाय गेले आणि त्याच्या बायकोला ओट्यावर बसवणार आहेत. केवा माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, होडी बघा." तिला अजूनही पाणी सोसत नाही. सबंध वाट ती होडीच्या काठावर वाकलेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या बाईनं, लिपात तिचं नाव, जे विचारलं त्याला हो म्हटलं होतं. एका माणसाचं नाव सांग म्हणाले, तर तिनं कुणाचं तरी सांगितलं, जो मरून गेलेला होता, म्हणजे जिवंत कुणाला त्रास नको. त्यानंतर सासरच्यांनी तिला घराबाहेर काढली. माहेरच्यांनी दार उघडलं नाही. ती किनाऱ्यावरच्या होड्यांच्या मांडवात बसली होती, अंगावर अजून त्या शहाळ्याच्या पाण्याचे डाग.

केवा म्हणाली, "चल."

"कुठं?"

"माझ्याकडे. माग येतो का?"

"येतो."

"मग चल. रडायचं तर होडीत रड, मला सोबत होईल."

आता ती केवाच्या घरी असते. दोघी समोरासमोर माग लावून बसतात. लिपात काम चांगलं करते, पण मध्येच तिचा हात थांबतो आणि ती विचारते, "खरंच माझं काहीच नव्हतं? मी त्याला निघताना नीट निरोप दिला नव्हता. मी पाठमोरी होते."

केवा उत्तर देत नाही. ती सुबानकडे बघते. तो दारात मासे धरायचे पिंजरे विणत बसलेला असतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं, दर वेळी, मग तिनं दिवसातून कितीही वेळा विचारलं तरी.

"नाही, बाई," तो म्हणतो. "तुझं काही नव्हतं. मी खाली होतो. मला माहीत आहे."